सायलेन्सरचं पाणी

मंगळवार, गुरुवार, शनिवार. आठवड्यातले हे तीन दिवस पहाटेची नमाज झाली की मी आधी गाडी सुरू करतो आणि मग अम्मीला हाक मारतो. डायलिसिसची पहिली पाळी सातला लागते. घरापासून दवाखाना अडीच किलोमीटर. तिला पलंगावर पोचवून, गाडी तिथंच ठेवून मी चालत शाळेला जातो आणि अकरा-साडेअकराला धाकटा भाऊ तिला घेऊन येतो. रिक्षाचे हादरे तिला आता सोसत नाहीत. परतताना तर तिच्यात उभं राहायचंही त्राण नसतं. सांगायचा मुद्दा, आमच्या घरात गाडी ही चैन नाही. ती बंद पडली तर अम्मीचं रक्त धुवायचं राहतं.

गेल्या डिसेंबरात एका मंगळवारी अम्मी भावाचा हात धरून बाहेर आली, गाडीच्या मागून फिरून दाराकडे येताना थांबली आणि म्हणाली, "मोटर को पसीना छुटा क्या रे?"

सायलेन्सरच्या तोंडातून थेंब पडत होते. खाली फरशीवर ताटाएवढा ओला डाग. मागे पांढरी वाफ. मिरजेत डिसेंबरची पहाट गार असते, तोंडातूनही वाफ निघते, तेव्हा वाफेचं काही वाटलं नाही. पण पाणी बघून माझ्या पोटात गोळा आला. कारण जुलै अजून अंगावर होता.

जुलैत काय झालं ते सांगतो. गाडी २०११ सालची, पेट्रोलवरची, दुसऱ्या हाताची. अम्मीसाठीच घेतलेली. एका शनिवारी तिला घेऊन परतताना तापमानाचा काटा वर चढला आणि मागे इतका पांढरा धूर निघाला की मागचा दुचाकीवाला हॉर्न वाजवत पुढे आला आणि ओरडला, "काका, गाडी पेटली!" पेटली नव्हती. धुराला गोडसर वास होता. कशीबशी ढकलत गॅरेजला नेली. मिस्त्रीनं ती थंड होऊ दिली, रेडिएटरचं झाकण काढून इंजिन सुरू केलं आणि मला आत बघायला सांगितलं. चहाला उकळी यावी तसे बुडबुडे येत होते. ऑइलची पट्टी काढून दाखवली, तर ऑइलचा रंग दूध घातलेल्या कॉफीसारखा. "हेड पॅकिंग गेलंय सर," तो म्हणाला, "रेडिएटरचं पाणी इंजिनात उतरतंय. हेड उतराय लागंल."

हेड उतरलं, त्याचं फेसिंग झालं, नवं पॅकिंग, नवं ऑइल, नवा कूलंट. साडेअठरा हजार रुपये. अर्धे मी दिले, उरलेले त्यानं तीन महिन्यांत विभागून घेतले. गाडी पाच दिवस त्याच्याकडे होती. त्यात एक मंगळवार आणि एक गुरुवार आला. मंगळवारी शेजाऱ्यांची गाडी मिळाली. गुरुवारी कुणीच नव्हतं, तेव्हा पहाटे साडेसहाला हा पोरगा स्वतःची व्हॅन घेऊन आमच्या बोळाच्या तोंडाशी उभा होता. मी पैसे विचारले तर म्हणाला, "सर, काय बोलताय."

सर म्हणतो, कारण तो माझा विद्यार्थी. मी गेली बावीस वर्षं एका मराठी शाळेत आठवी ते दहावीला विज्ञान शिकवतो. तो दहावीला विज्ञानात नापास झाला, पुन्हा बसला नाही, गॅरेजला लागला. आता स्वतःचं गॅरेज आहे आणि हाताखाली दोन पोरं.

दिवाळीत मी गाडीला सीएनजीचं किट बसवून घेतलं. पेट्रोल शंभराच्या वर गेलेलं, आणि दवाखान्याचा खर्च काही थांबणारा नव्हता. नोव्हेंबरच्या शेवटी गारठा सुरू झाला आणि मागे थोडं थोडं पाणी दिसायला लागलं. पण तेव्हा ते सायलेन्सरच्या तोंडातून नव्हे, पोटाखालून येत होतं. वाकून बघितलं तर मागच्या डब्याला तळाशी एक बारीक भोक. मला वाटलं, गंजलं. हवा भरणाऱ्या दुकानदारानंही मान डोलावली, "गंजलंयच की." रविवारी घरी बसून मी त्या भोकावर एम-सील थापलं. छान बसलं. हाताला वास दोन दिवस जात नव्हता.

आणि पुढच्या मंगळवारी ते पाणी तोंडातून यायला लागलं.

त्या दिवशी शाळेत माझं लक्ष नव्हतं. संध्याकाळी बॉनेट उघडून ऑइल भरायचं झाकण काढलं. आतल्या बाजूला पिवळसर, सायीसारखा थर. बस्स. जुलैची कॉफी पुन्हा आली. पट्टी काढून बघायला हवी होती, कूलंटची बाटली बघायला हवी होती. दोन्हींतलं काही केलं नाही. वर्गात पोरांना सांगतो की एका निरीक्षणावर निष्कर्ष काढू नका, आणि झाकणाची साय बघून मी निकाल लावून मोकळा.

तसाच गॅरेजला गेलो. तिथं चार गिऱ्हाइकं होती, त्यांतले दोघं माझ्या ओळखीचे. तो एका गाडीखाली होता. बाहेर आला, हात पुसत हसला. मी म्हणालो, साडेअठरा हजार घेतलेस, पाच महिने झाले नाहीत, पुन्हा पाणी. तो शांतपणे म्हणाला, "थंडीत येतं सर. गरम झाली की बंद हुतंय. बाटलीतलं पाणी कमी झालंय का?"

मी म्हणालो, "मला प्रश्न विचारू नकोस." आणि मग ते वाक्य, जे मी इथं लिहायचं की नाही याचा बराच विचार केला. मी म्हणालो, "शाळेतही तू असंच अर्धवट काम करायचास."

त्याच्या हाताखालच्या दोन्ही पोरांनी माना खाली घातल्या. तो हात पुसत राहिला. हात केव्हाच कोरडे झाले होते. "गाडी ठेवून जावा सर, बघतो," एवढंच बोलला. मी गाडी ठेवली नाही.

दुसऱ्या दिवशी सांगलीतल्या एका मोठ्या गॅरेजमध्ये गेलो. फरशी चकचकीत, बसायला सोफा. तिथल्या माणसानं सायलेन्सरखाली बोट धरलं, झाकण उघडून साय बघितली आणि म्हणाला, हेड पुन्हा उतरवावं लागेल, आधीच्यानं काम नीट केलेलं नाही, बावीस हजारांच्या आसपास जाईल. मला बरं वाटलं! माझ्या रागाला आता शिक्का मिळाला होता. पैसे कुठून आणायचे हा प्रश्न होता, पण मी बरोबर होतो. सोमवारी गाडी आणून सोडतो असं सांगून आलो.

रविवारी सकाळी अम्मीचा चहा मी करत होतो. पातेल्यात रात्रभर गार झालेलं पाणी घेतलं, गॅसवर ठेवलं. आच लागल्याबरोबर पातेल्याच्या बाहेरच्या अंगाला दव धरलं आणि बुडाशी थेंब जमून ते चुर्र करत बर्नरवर पडले. मी पातेलं उचलून तळ बघितला. गळतंय का?

अम्मी ओट्याजवळच्या खुर्चीत होती. म्हणाली, "गलता नहीं रे. थंडा भगोना ऐसाइच करता. गरम हुआ की बंद. चालीस साल से देखरी मैं."

गरम झाली की बंद. हे शब्द मी पाच दिवसांपूर्वी गॅरेजात ऐकले होते.

मी पातेलं हातात धरून उभा राहिलो. दरवर्षी दहावीला कार्बनी संयुगांचा धडा येतो. दरवर्षी मी फळ्यावर लिहितो: मिथेन अधिक ऑक्सिजन, बाण, कार्बन डायऑक्साइड अधिक पाणी अधिक उष्णता. डावी-उजवी बाजू संतुलित करायला लावतो. पाण्याच्या आधी दोन लिहायला विसरलं की अर्धा गुण कापतो. बावीस वर्षांत ते पाणी मला कधी ओलं वाटलं नव्हतं. फळ्यावरचं पाणी, त्यानं काय भिजणार? आणि तेच पाणी माझ्या दारात फरशीवर सांडत होतं, तर मी ते ओळखलं नाही. ओळखलं ते नापास झालेल्या पोरानं आणि चौथी शिकलेल्या अम्मीनं.

चहा झाल्यावर कागद घेऊन बसलो. पेट्रोलचं एक लिटर साधारण पाऊण किलो भरतं, आणि त्यात वजनानं सातवा हिस्सा हायड्रोजन. पाण्यात मात्र हायड्रोजन नववा हिस्साच, बाकी आठ हिस्से ऑक्सिजन, आणि तो इंजिन हवेतून ओढतं. म्हणून जळालेल्या दर लिटर पेट्रोलमागे जवळजवळ एक लिटर पाणी तयार होतं. उत्तर चुकलं असेल म्हणून पुन्हा केलं. तेच आलं. सीएनजीचं तर त्याहून जास्त, कारण तो बहुतांश मिथेन, आणि मिथेनमध्ये हायड्रोजन चौथा हिस्सा. १ किलो मिथेन जळला की सव्वादोन किलो पाणी. माझ्या सिलिंडरमध्ये आठ किलो गॅस बसतो, म्हणजे एका भरणीमागे अठरा लिटर. एक मोठा हंडा! त्याच अंतराला पेट्रोलच्या जवळपास दीडपट. दिवाळीनंतर पाणी का वाढलं याचं उत्तर पंपावरच्या पावतीत होतं.

हे पाणी एरवी दिसत नाही, कारण ते वाफ होऊन निघून जातं. इंजिनातून निघालेला धूर कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमधून, लांब नळीतून जात शेवटी मागच्या डब्यात येतो. डबा सगळ्यांत शेवटी तापतो. तो पन्नासेक अंशांच्या खाली असेपर्यंत आतल्या भिंतींवर वाफेचं पाणी होतं, तापला की बंद. अडीच किलोमीटरमध्ये माझा डबा कुठला तापतोय! दवाखान्यात पोचेपर्यंत तो कोमट होतो, चार तास उभा राहून गार होतो, मग पुन्हा अडीच किलोमीटर. पाणी आत साठत राहतं. जास्त फिरणाऱ्या गाडीपेक्षा गल्लीतल्या गल्लीत फिरणाऱ्या गाडीचा सायलेन्सर आतून लवकर सडतो, तो यामुळेच.

झाकणाची सायही त्याच घराण्यातली. थोडी वाफ पिस्टनच्या कडेनं ऑइलकडे उतरते, इंजिन पुरेसं तापलं नाही तर तिथंच राहते आणि गार झाकणाला ऑइलशी मिसळून साय धरते. हेड पॅकिंग गेलं तरी असा थर दिसतो, म्हणून नुसतं झाकण बघून काही ठरत नाही. खालचं ऑइल बघायचं. मी उठून पट्टी काढली. स्वच्छ, मधासारखं. कूलंटची बाटली बघितली. पाणी वरच्या रेघेला, जुलैत मिस्त्रीनं भरलं होतं तिथंच. जुलैत ही रेघ रोज उतरत होती, धूर तापलेल्या गाडीतूनही निघत होता आणि त्याला गोड वास होता. आता यांतलं एकही नव्हतं. बोटावर सायलेन्सरचा थेंब घेतला. पातळ, थोडी काजळी, ना हिरवा रंग ना चिकटपणा. पाणी.

अम्मी हे सगळं खिडकीतून बघत होती. मी आत येऊन तिला सांगितलं की एक लिटर तेल जाळलं की गाडी एक लिटर पाणी बनवते. तिनं शेजारचा स्टीलचा पेला बघितला. डॉक्टरांनी तिला दिवसाला पाऊण लिटर पाणी ठरवून दिलंय, चहा-आमटी धरून. ती पेल्यानं मोजून पिते, उन्हाळ्यात बर्फाचा खडा तोंडात धरून बसते. म्हणाली, "पियो बोल उसको. उसे कौन डॉक्टर मना किया?" आणि खूप दिवसांनी मनापासून हसली.

मग मी तिला गॅरेजात काय बोललो ते सांगितलं. तिचं हसू गेलं. व्हॅन घेऊन आलेला तोच पोरगा ना, असं तिनं विचारलं. मी हो म्हणालो. ती थोडा वेळ गप्प राहिली. "अल्लाह का हक अल्लाह माफ करता. बंदे का हक बंदाच माफ करता," म्हणाली. "जा."

मी म्हणालो, आज रविवार, गॅरेज बंद असेल. ते बंद नसतं, हे आम्हा दोघांनाही माहीत होतं.

रस्ताभर वाक्यं जुळवत गेलो. शिक्षकाला माफी मागायची सवय नसते. चूक लाल पेनानं दुसऱ्याची दाखवायची असते. पोचलो तेव्हा तो एकटा होता, हाताखालची पोरं सुट्टीवर. मी म्हणालो, "माझं चुकलं. पाणी धुरातलंच आहे. आणि शाळेचं जे बोललो ते बोलायला नको होतं." ठरवलेलं भाषण यापेक्षा बरंच मोठं होतं.

तो म्हणाला, "किल्ली द्या."

गाडी त्यानं स्वतः चालवली, मी बाजूला बसलो. अंकलीच्या पुलापर्यंत गेलो, खाली कृष्णेवर धुकं होतं, तिथून वळून परत आलो. वाटेत तो फारसं बोलला नाही. गॅरेजला आल्यावर इंजिन चालू ठेवून मला मागे नेलं. पाणी नव्हतं, वाफ नव्हती. नळीच्या तोंडाशी त्यानं एक कोरडा कागद धरला, तो कोरडाच राहिला. मग गाडी बंद करून, डबा निवेपर्यंत थांबून तो खाली शिरला आणि आतून ओरडला, "ह्ये कुणी थापलंय?"

मी सांगितलं.

"सर, ह्ये भोक कंपनीनंच दिलेलं असतंय. पाणी जायला." स्क्रू ड्रायव्हरनं खरवडून त्यानं माझं एम-सील काढलं. आतून अर्धा पेलाभर तपकिरी पाणी आलं. खालून निघून जाणारं पाणी मी अडवलं, ते तोंडातून सांडलं, आणि त्याचा जाब त्याला विचारायला गेलो. हे त्यानं बोलून दाखवलं नाही. ते पाणी जमिनीत मुरेपर्यंत आम्ही दोघं बघत होतो.

आणखी एक गोष्ट त्यानं सांगितली, ती मला सुचली नव्हती. पाणी येऊ नये म्हणून मी हल्ली पहाटे गाडी पंधरा-वीस मिनिटं उभ्यानंच चालू ठेवत होतो. घराशेजारच्या पत्र्याच्या बंदिस्त शेडमध्ये, वारा लागू नये म्हणून दार ओढून. त्याचा चेहरा बदलला. "दार लावून कधी नाही सर. धूर दिसत न्हाई, वास येत न्हाई, माणूस बसल्या जागी जातंय." कार्बन मोनॉक्साइड. मीच शिकवतो. थेंब स्वच्छ दिसतो म्हणून धूर स्वच्छ असतो असं नाही, आणि त्याच शेडमध्ये मी अम्मीला गाडीत बसवत होतो. आता गाडी बाहेर काढूनच सुरू करतो, अर्ध्या मिनिटात निघतो, पहिला किलोमीटर हळू नेतो. उभ्या गाडीचा डबा तसाही लवकर तापत नाही. आणि पंधरा दिवसांतून एकदा अंकलीच्या पुलाची फेरी, डबा सुकवायला. अम्मीला बरं वाटत असेल तर तीही येते.

निघताना मी नेहमीसारखं विचारलं, किती झाले? नेहमीसारखं म्हणजे, असल्या बारीकसारीक कामाचे त्यानं आजवर कधी पैसे घेतले नव्हते. मी विचारायचो, तो हात हलवायचा आणि समोरच्या टपरीवर दोन चहा सांगायचा. ही आमची पद्धत होती.

तो म्हणाला, "पन्नास द्या."

मी दिले. त्यानं नोट खिशात घातली आणि दुसऱ्या गाडीचं बॉनेट उघडलं.

सांगलीच्या गॅरेजला फोन करून सोमवारी येत नाही म्हणून कळवलं. तिथल्या माणसानं कारण विचारलं नाही.

मगरिबनंतर अम्मीच्या पायाला तेल लावत बसलो होतो. तिनं विचारलं, "माफ करा क्या उन्ने?"

मी म्हणालो, "पचास रुपये लिया."

"और चाय?"

"चाय नहीं बोला."

तिनं पाय ओढून घेतला. "तो फिर एक बार जाके आ," म्हणाली.